गेममधला टिकाव, हातातला हातोडा: टॅप आणि डायने पहिल्यांदा आटे पाडताना

माझा भाचा ठाण्यात राहतो, लोकमान्यनगरला. मे महिन्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे कोपरखैरण्याला आला आणि दोन दिवस माइनक्राफ्टमधून मान वर काढली नाही. तिसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून दाखवलं. भट्टीत कच्चं लोखंड टाकायचं, एका नगाला १० सेकंद. तीन लगडी झाल्या की दोन काठ्यांबरोबर चौकटीत मांडायच्या, की लोखंडी टिकाव तयार. "आत्या, खरा करायला किती वेळ लागतो गं?"

मी महाप्याला एका ऑफिसात हिशेब बघते. लोखंडाशी माझा संबंध तव्यापुरता. पण रोजच्या रिक्षावाटेवर एमआयडीसीतले गाळे दिसतात, लेथचे आवाज येतात, आणि कधीतरी आत डोकवावं असं वाटायचंच. म्हटलं, बघू या.

तीन आठवडे लागले. त्यात एक टॅप (भोकाच्या आत स्क्रूसारखे आटे कापायचं हत्यार) मोडला आणि लोखंडाचे दोन तुकडे भंगारात गेले. तुमचा एखादा तुकडा तरी वाचावा म्हणून हे लिहिते आहे. अख्ख्या उपद्व्यापातून मला जे कळलं ते आधीच सांगते. आटे खराब झाले की दोष टॅपला दिला जातो, पण ते बहुतेक वेळा टॅप हातात यायच्या आधीच बिघडलेले असतात: चुकीचा ड्रिल घेतला तेव्हा, किंवा भोक तिरकं गेलं तेव्हा. म्हणून खाली टॅपपेक्षा भोकाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

१. काय बनवायचं ते ठरवा

गेममध्ये लोखंड आणि काठी शेजारी ठेवली की एकमेकांना धरतात. ती कशाने धरतात, हे कुठलाच गेम सांगत नाही. खऱ्या हत्यारात सगळी कारागिरी त्या सांध्यातच असते. लोहार टिकावाच्या पात्यात आरपार डोळा पाडतो आणि दांडा पाचर मारून घट्ट करतो. त्याला भट्टी लागते, ऐरण लागते, घण मारणारा दुसरा माणूस लागतो. फ्लॅटमध्ये ते जमणारं नाही.

म्हणून आम्ही टिकाव सोडून छोटा हातोडा घेतला. चौकोनी लोखंडाचं डोकं, गोल सळईचा दांडा, आणि दोघांना जोडायला एम १० चे (१० मिमी व्यासाचे) आटे. डोक्यात टॅपने आतले आटे, दांड्यावर डायने (आतून धार असलेली चकती) बाहेरचे. एकाच कामात दोन्ही शिकून होतात, म्हणून नवख्यांना मी हाच जॉब (वर्कशॉपच्या भाषेत, करायची वस्तू) सुचवेन.

कागदावर साधं चित्र काढा आणि मापं लिहा. डोकं २५ × २५ मिमी, लांबी ७५. दांडा १० मिमी जाडीचा, लांबी २५०. भोक डोक्याच्या बरोबर मध्ये, आरपार. हा कागद पुढे वर्कशॉपमध्ये फार कामाला येतो. नुसतं तोंडाने सांगितलं तर मेस्त्री आपल्याला टाळायला बघतात. कागद पुढे केला की चष्मा लावतात.

२. सामान

जॉबसाठी:
- २५ मिमी चौकोनी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) बार, ७५ मिमी तुकडा (वजन साधारण ३७० ग्रॅम भरतं)
- १० मिमी गोल एमएस ब्राइट बार, २५० मिमी
- एम १० चे दोन नट (एक तपासायला, एक बसवायला)

आट्यांसाठी:
- एम १० × १.५ चा हँड टॅप सेट, तीन नगांचा (आकड्यांचा अर्थ चौथ्या पायरीत)
- टॅप फिरवायचं हँडल
- एम १० × १.५ ची गोल डाय आणि तिचं हँडल (डायचा बाहेरचा व्यास हँडलच्या खाचेत बसतो का, ते दुकानातच बसवून बघा)
- ८.५ मिमीचा ड्रिल, त्याआधी मारायला ५ मिमीचा, आणि भोकाची कड मारायला १२ मिमीचा
- कटिंग ऑइल, छोटा ब्रश

बाकीचं: बेंच व्हाईस (टेबलाला बसवलेला शिकंजा), सेंटर पंच (ठोकून टिकली पाडायचा टोकदार दांडा), हातोडी, हॅक्सॉ, चपटी कानस, छोटा गुण्या (काटकोन तपासायचा), स्टीलची पट्टी, डोळ्यांना गॉगल. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) उसना मिळाला तर फारच छान.

ड्रिल मशीन मी यादीत घातलेलं नाही. का, ते पाचव्या पायरीत.

३. दुकानात फसू नका

हत्यारांसाठी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात तर सगळं एका रांगेत मिळतं. इतक्या लांब जायचं नसेल तर ठाणे स्टेशनच्या आसपासच्या हार्डवेअरवाल्यांकडे किंवा वागळे इस्टेटजवळच्या दुकानांत विचारा. लोखंड घ्यायला कळंबोलीच्या स्टील मार्केटला जाऊ नका. मी उत्साहात गेले होते. तिथे ट्रकने व्यवहार चालतो, अन् मी पर्समधून २५० मिमीची चिठ्ठी काढून उभी. पाव मीटर सळईसाठी वर्कशॉपमध्ये उरलेले तुकडे विचारावेत, ते वजनावर देतात.

आता सापळे. पहिला सुताचा. आपल्याकडे हार्डवेअरवाला १० मिमीला सर्रास "तीन सूत" म्हणतो. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून तीन सूत म्हणजे ३/८ इंच, म्हणजेच ९.५२५ मिमी. सळई विकताना हा फरक कोणी मोजत नाही. पण टॅप घेताना "तीन सूत" म्हणालात तर तुमच्या हातात इंची टॅप पडेल: व्हिटवर्थ पद्धतीचा, इंचाला १६ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिकचा कोन ६० अंश. एम १० च्या दांडीवर तीन सुताचा नट चढत नाही, आणि जोर केलात तर दोघांचेही आटे जातात. टॅपच्या मानेवर कोरलेलं वाचा. "एम १० × १.५" हेच हवं.

तेही पूर्ण वाचा, कारण एम १० × १.२५ सुद्धा असतो. त्याला बारीक आटा म्हणतात आणि गाड्यांच्या कामात तो बराच लागतो. पुढचा १० सारखाच दिसतो, घोळ मागच्या आकड्यात होतो. डाव्या आट्याचेही टॅप मिळतात. सायकलच्या डाव्या पेडलला असतो तो, उलटा फिरणारा. आपल्याला साधा उजवाच घ्यायचा.

दुसरा सापळा टीएमटीचा. ठाणेकरांना टीएमटी म्हटलं की बस आठवते, मी सळईबद्दल बोलतेय. बिल्डिंगचं काम चालू असलेल्या प्लॉटजवळ पडलेला १० मिमीचा तुकडा फुकट मिळतो, म्हणून आम्ही आधी तोच आणला. तिच्यावर वळ असतात, त्यामुळे ती गोल नसते. शिवाय कारखान्यातच लाल असताना पाणी मारून तिची बाहेरची साल मुद्दाम कडक केलेली असते. डाय तिच्यावर नुसती किंचाळते.

तिसरा, काळी सळई. साधा काळा बार गरम असताना लाटलेला असतो, वर खपली असते, आणि १० म्हटला तरी कुठे १०.२, कुठे १०.३ भरतो. डायला तो जाड पडतो. दुकानात "ब्राइट बार" असा शब्द वापरा. तो चकचकीत असतो आणि मापाला १० किंवा केसभर कमीच येतो. डायला नेमकं तेच हवं असतं.

४. आकड्यांचं गणित, एकदाच

एम १० म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास १० मिमी. १.५ म्हणजे पिच, एका आट्याच्या टोकापासून पुढच्याच्या टोकापर्यंतचं अंतर. एक फेरा फिरवला की बोल्ट तेवढा आत जातो.

भोक कितीचं पाडायचं? व्यासातून पिच वजा करा. १० वजा १.५, म्हणजे ८.५. झालं गणित. नेहमीच्या मापांचं पाठच करून टाका:

- एम ४ × ०.७ ला ३.३ चा ड्रिल
- एम ५ × ०.८ ला ४.२
- एम ६ × १ ला ५
- एम ८ × १.२५ ला ६.८
- एम १० × १.५ ला ८.५
- एम १२ × १.७५ ला १०.२

माझा पहिला तुकडा इथेच गेला. ८.५ चा ड्रिल दुकानात नव्हता. दुकानदार म्हणाला, "नऊचा घेऊन जा ताई, अर्ध्या मिलीने काय होतंय." टॅप लोण्यात गेल्यासारखा गेला, मी खूश. दांडा लावून चार वेळा ठोकलं आणि डोकं हलायला लागलं. मग हिशेब मांडला. ८.५ च्या भोकात आटे पूर्ण उंचीच्या सुमारे ७७ टक्के भरतात. ९ च्या भोकात जेमतेम ५१ टक्के. अर्ध्या मिलीने एवढं होतं.

उलटं करून ८ चा ड्रिल घेतलात तर ती टॅपची सुपारीच. टॅपला सगळंच्या सगळं लोखंड कापावं लागतं, तो अडकतो आणि मोडतो.

५. मार्किंग आणि भोक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

चौकोनी बारच्या दोन्ही टोकांना कानस मारून कोपरे साफ करा. ज्या बाजूने भोक पाडायचं तिच्यावर मार्करची शाई फासा, म्हणजे रेघ दिसते. मध्य काढायला कोपऱ्यांतून तिरक्या रेघा मारू नका, ७५ लांबीत चूक वाढते. ३७.५ वर आडवी रेघ, १२.५ वर उभी. दोन्ही काठांकडून मोजून बघा, जुळतंय ना. मग सेंटर पंच. आधी हलकी टिकली मारा, भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, आणि बरोबर असेल तरच जोरात मारा. हलकी टिकली पुढेमागे सरकवता येते. खोल गेलेली नाही.

आता ड्रिल मशीन. माझ्याकडे घरी भिंतीला भोकं पाडायचं हातातलं मशीन आहे. पहिलं भोक मी गॅलरीत त्यानेच पाडलं. सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाज बंद, म्हणून चार वाजून पाच मिनिटांनी सुरू केलं, तरी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्याच. त्या निदान चहा घेऊन गेल्या. भोक मात्र तिरकं गेलं. डोळ्याला दिसत नव्हतं. पण दोन अंशांचा तिरकेपणा दांड्याच्या दुसऱ्या टोकाला जवळपास ८ मिमी होतो, आणि हातोडा मान मुरडून बसलेल्या कोंबडीसारखा दिसतो.

म्हणून भोक स्टँडवाल्या मशीनवरच पाडा. त्यासाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही. ठाण्याहून पनवेल-नेरुळच्या गाडीने या, रबाळ्याला उतरा आणि एमआयडीसीत चालत फिरा. लहान गाळे दिसतील. मोठ्या कंपनीच्या गेटवर जाऊ नका, तिथे वॉचमन वहीत नाव लिहून घेतो आणि गोष्ट तिथेच संपते. वागळे इस्टेटलाही असे गाळे भरपूर आहेत. शनिवार-रविवार धरून जाण्याआधी चौकशी करा. आम्हाला जे मेस्त्री भेटले त्यांची सुट्टी शुक्रवारी असते, आणि आम्ही पहिल्यांदा गेलो तो शुक्रवारच होता.

मेस्त्रींनी कागद बघितला, भाच्याकडे बघितलं आणि विचारलं, "शाळेचं प्रोजेक्ट?" भाच्याने गेमचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग भोक तूच पाड. मी धरतो."

मशीनवर लक्षात ठेवायचं ते असं:

- जॉब हाताने धरायचा नाही. मशीन व्हाईसमध्ये आवळायचा. ड्रिल खालच्या बाजूने बाहेर पडताना चावतो आणि जॉब गर्रकन फिरतो.
- हातमोजे घालून ड्रिल मशीनजवळ जायचं नाही. मोजा अडकला तर बोट सोबत जातं. ओढणी घरी, केस बांधलेले, गॉगल डोळ्यांवर.
- आधी ५ चा ड्रिल आरपार, मग ८.५ चा. वेग मिनिटाला ८०० ते ९०० फेरे ठीक. थांबून थांबून ऑइलचे थेंब.
- ड्रिलची धार दोन्हीकडे सारखी नसेल तर ८.५ चा ड्रिल ८.८ चं भोक पाडतो. आधी फालतू तुकड्यावर पाडून व्हर्नियरने मोजा.
- शेवटी १२ च्या ड्रिलने भोकाच्या दोन्ही तोंडांची कड किंचित मोडा. टॅपला शिरायला वाट होते आणि वर बर (कापल्यावर उभी राहिलेली धार) राहत नाही.

६. टॅप मारणं

सेटमधले तीन टॅप लांबून सारखेच दिसतात. मानेकडे बघा. एक गोल रेघ म्हणजे पहिला, दोन रेघा म्हणजे दुसरा, रेघ नाही तो तिसरा. रेघा नसल्या तर टोक बघा. पहिल्याचे पुढचे सात-आठ आटे घासून निमुळते केलेले असतात, तिसऱ्याचा निमुळतेपणा जेमतेम एक-दोन आट्यांपुरता. सुरुवात पहिल्याने.

भोक पाडून झाल्यावर जॉब लगेच सोडू नका, ही युक्ती मेस्त्रींची. त्यांनी स्विच बंद केला, प्लग काढला, चकमधला (मशीनच्या ड्रिल धरणाऱ्या जबड्यातला) ड्रिल काढून तिथे पहिला टॅप बसवला आणि चक हाताने दोन फेरे फिरवला. ड्रिल ज्या रेषेत उतरला त्याच रेषेत टॅप शिरला. मग चक सैल करून टॅप तसाच जॉबमध्ये उभा ठेवला आणि जॉब बेंच व्हाईसवर आणला. पहिले दोन-तीन आटे सरळ बसले की पुढचे त्यांच्याच मागून जातात. ते वाकडे बसले तर नंतर काहीही करून सरळ होत नाहीत.

अशी सोय नसेल तर टॅपला हँडल लावा, वरून तळहाताने सरळ दाब द्या आणि दीड-दोन फेरे फिरवा. हँडल काढा. गुण्या टॅपला टेकवा, समोरून बघा, मग बाजूने बघा. कललेला असेल तर उलट बाजूला हलका दाब देत आणखी अर्धा फेरा, पुन्हा गुण्या. तीन फेऱ्यांनंतर दाब सोडून द्यायचा. त्यापुढे टॅप स्वतःच ओढून घेतो, आपण फक्त फिरवायचं.

"मॅडम, स्क्रू नाही आवळत आपण. अर्धा पुढे, पाव मागे," मेस्त्री दर मिनिटाला. मागे फिरवताना बारीक "कट्" होतं. ती कीस तुटल्याची खूण. तो तुटला नाही तर टॅपच्या खाचेत गुंडाळत राहतो आणि टॅपला जाम करतो. हाताला आधी कळतं: टॅप फिरण्याऐवजी पिळल्यासारखा, स्प्रिंगसारखा लागतो. तिथे थांबायचं. मागे घ्या, पूर्ण काढा, ब्रशने कीस झाडा, ऑइल घाला, परत.

२५ मिमी जाडी आणि दीड मिमीचा पिच म्हणजे आरपार जायला साधारण सतरा फेरे. मजबुतीसाठी खरं तर १० मिमी आटेही पुरले असते. लोखंडात व्यासाइतकी खोली पुष्कळ होते, ॲल्युमिनियमला मात्र दीडपट-दुप्पट हवी. पहिला आरपार झाला की दुसरा, मग तिसरा. त्यांना हाताने, हँडल न लावता, आधीच्या आट्यांत बसवा. बोटांनी दोन फेरे सहज गेले तरच हँडल लावा, नाहीतर नवे आटे जुन्यांना आडवे कापतील.

ऑइलबद्दल: एमएसला कटिंग ऑइल. नसेल तर स्वयंपाकघरातलं तेलही कोरड्यापेक्षा बरं. ॲल्युमिनियमला रॉकेल चांगलं चालतं. पितळ आणि बीड कोरडंच कापतात.

७. टॅप मोडला तर

आमचा मोडला. दुसरा तुकडा, दुसरा टॅप. माझा फोन वाजला, मी एका हाताने हँडल फिरवत राहिले. एका हाताने फिरवलं की टॅपवर बाजूने जोर येतो. टॅप कडक असतो म्हणूनच ठिसूळही असतो, वाकत नाही, सरळ तुटतो. काच फुटल्यासारखा आवाज. हँडलऐवजी पान्हा लावून टॅप फिरवणारेही असेच मोडून घेतात, कारण तेच, जोर एका बाजूने.

मोडलेल्या टॅपवर ड्रिल चालवू नका. टॅप आणि ड्रिल एकाच जातीच्या पोलादाचे, ड्रिलची धार जाईल आणि टॅप जागचा हलणार नाही. टोक वर आलेलं असेल तर पकडीने मागेपुढे हलवत उलटं फिरवून बघा. आत तुटला असेल तर स्पार्क इरोजन मशीनवाल्याकडे जावं लागतं. तो ठिणग्यांनी टॅप जाळून काढतो आणि भोवतालचे आटे वाचतात. इंजिनचा ब्लॉक असेल तर तो खर्च करा. ३७० ग्रॅमच्या तुकड्यासाठी नाही. मेस्त्रींनी आमचा तुकडा उचलून भंगाराच्या डब्यात टाकला आणि नवीन कापून दिला.

८. डाय मारणं

टॅप आधी, डाय नंतर, हा क्रम बदलू नका. टॅपचं माप ठरलेलं असतं. गोल डायला मात्र एक चीर असते, ती स्क्रूने कमीजास्त उघडता येते. म्हणजे दांडा भोकाच्या मापाने करता येतो, भोक दांड्याच्या मापाने करता येत नाही.

दांड्याच्या टोकाला कानशीने चारी बाजूंनी ४५ अंशांचा उतार द्या, पेन्सिलीच्या शेंड्यासारखा पण बोथट. तो नसेल तर डाय पकडतच नाही. दांडा व्हाईसमध्ये सरळ उभा आवळा, जबड्यांत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घाला, नाहीतर चकचकीत बारवर दातांचे वळ उठतात.

डायवर ज्या बाजूला माप कोरलेलं असतं ती बाजू बहुतेक वेळा शिरायची, जॉबकडे ठेवायची. हँडलचा मधला टोकदार स्क्रू आवळून डाय किंचित उघडी ठेवा. दोन्ही हात सारखे, वरून दाब, आणि वाकून बाजूने बघत राहा की हँडल दांड्याला काटकोनात आहे ना. इथेही अर्धा पुढे, पाव मागे, आणि ऑइल.

आम्हाला ३८ मिमी आटे हवे होते: २५ डोक्यासाठी, ८ नटासाठी, बाकी थोडे सुटे. एक पास झाला की नट लावून बघा. जड जात असेल तर मधला स्क्रू सैल, बाजूचे दोन आवळा, परत एक पास. शेवटची परीक्षा विकतच्या नटाने करू नका, तुमच्या हातोड्याच्या डोक्यातल्या भोकाने करा. हाताने फिरेल पण डुगडुगणार नाही, इतपत.

९. जोडणी

दांड्यावर आधी नट पूर्ण मागे न्या, मग डोकं फिरवत बसवा, दांड्याचं टोक दुसऱ्या बाजूने जेमतेम समपातळीत येऊ द्या. आता नट डोक्यावर आवळा, १७ चा पान्हा लागतो. याला चेक नट म्हणतात. तो नसेल तर दहा-वीस ठोक्यांत डोकं फिरायला लागतं. नट लावण्याआधी आट्यांतलं ऑइल पुसून थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब सोडलात तर आणखी चांगलं. दांड्याला सायकलची जुनी ग्रिप चढवा.

१०. "आत्या, आता लाल करून पाण्यात बुडवूया?"

गेमने मुलांच्या डोक्यात पक्कं बसवलंय, भट्टीशिवाय हत्यार नाही. उत्तर असं: एमएसमध्ये कार्बन ०.२५ टक्क्याच्या आतबाहेर असतो, तो लाल करून बुडवला तरी धार किंवा ठोका सोसण्याइतका कडक होत नाही. गॅसवर ठेवून फक्त शेगडी खराब होईल. लोहार ज्याला "पाणी देणं" म्हणतात ते जास्त कार्बनच्या पोलादाला लागू पडतं, गाडीच्या पाट्यांचं असतं तशा. ते लाल होऊन चुंबकाला चिकटेनासं झालं (सुमारे ७७० अंश) की त्याहून जरा वर नेऊन बुडवतात, आणि मग हलकं तापवून ठिसूळपणा काढतात, रंग गवती-पिवळा येईपर्यंत. असं काही करणार असाल तर आटे आधी पाडा. पाणी दिल्यावर त्यात टॅप शिरणार नाही. जस्त चढवलेला पाइप तर कधीच तापवू नका, त्याचा धूर छातीत गेला की ताप येतो.

गेम खोटाच असतो असं नाही. भाचा व्हॅलहाइमही खेळतो, तिथे दोन भाग तांबं आणि एक भाग कथील मिळून कांसं होतं. दोन धातू मिसळून तिसरा, हे अगदी खरं. प्रमाण मात्र मनाला येईल तसं घातलंय. हत्यारांच्या कांशात कथील साधारण दहा टक्के. आजीच्या काशाच्या वाटीत वीस-बावीस टक्के असेल, आणि ती फरशीवर पडली की तडा जातो. एक तृतीयांश कथिलाची कुऱ्हाड पहिल्याच झाडावर फुटेल.

आमचा हातोडा कडक नाही, म्हणून तो खिळे, पाचर, लाकूड एवढ्यासाठीच. कडक छिन्नीवर मारलात तर त्याचा चेहरा पसरतो.

भाच्याला हे काम फारच आवडलं तर ठाण्याच्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड दोन वर्षांचा आहे, हे मी त्याच्या आईला सांगितलं. तिने विषय बदलला.

११. खाडीचा वारा

ब्राइट बार पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो, खाडीकडेच्या इमारतींत तर जास्तच. काम झाल्यावर हातोडा घाम लागलेल्या हातांनी तसाच ठेवू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा. टॅप आणि डाय ब्रशने साफ करा, तेल लावा, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून डबीत ठेवा. टॅप एकमेकांवर आपटले तरी धार जाते, म्हणून डबीत प्रत्येकाला वेगळी खाच असते. माझ्या डबीतली मधली खाच अजून रिकामी आहे. आरपार भोकाला पहिल्यानंतर थेट तिसरा चालवते, जरा हळू, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.